तेरा पावलं, आठ बोटं

कोरेगावच्या रजिस्ट्रार कचेरीसमोर चिंचेखाली टेबल टाकून मी दस्त लिहिते. आधी वडील लिहायचे. ते गेल्यावर मी बसले, त्याला अठरा वर्षं झाली. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, पण लोकांचे प्रश्न काही बदलायला तयार नाहीत. "ताई, घरपट्टी माझ्या नावावर हाय, मग घर माझंच की?" नाही. "लाइट बिल पण माझ्याच नावावर हाय." तरी नाही. "साठेखत झालंय, आता परत खरेदीखत कशाला?" साखरपुडा झालाय तर लग्न कशाला, असं मी एकाला रागानं म्हटलं, तर तो बाबा खरंच विचारात पडला. दिवसातून वीस वेळा तेच तेच सांगून डोकं फिरतं. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. तरी लोक माझ्याकडेच येतात, कारण मी खोटं सांगत नाही.

एकाच माणसापुढं ही जीभ कधी चालली नाही. हरिबा हवालदार. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणते. वय बहात्तर, पण पाठ अजून ताठ, शर्टाला इस्त्री, पायांत बूट, हातात प्लॅस्टिकची फाइल. कचेरी दहाला उघडते, तर आप्पा दहाला पाच कमी असताना माझ्या टेबलाशी हजर. "जय हिंद, क्रांती." मग खिशातून छोटी वही काढायची, प्रश्न विचारायचा आणि मी सांगेन ते शब्दाला शब्द लिहून घ्यायचं. एवढ्या वर्षांत एक प्रश्न त्यांनी दोनदा विचारला नाही. मला त्यांचं भारी कौतुक वाटायचं. आता वाटतं, त्या माणसाला एवढी शिस्त नसती तर फार बरं झालं असतं.

फौजेत ते ड्रिल शिकवायचे. पोरं त्यांना उस्ताद म्हणायची. एक पाऊल म्हणजे तीस इंच, ना एक इंच जास्त, ना कमी, हे त्यांच्या पायांत इतकं मुरलं होतं की बाजारात भाजी घ्यायला निघाले तरी तसेच चालत. राहीकाकू, म्हणजे त्यांची बायको, मागं राहून ओरडायची, "आवं, ही काय परेड हाय व्हय? जरा दमानं!"

१९९८ साली आप्पा आणि त्यांच्या कंपनीतले नऊ जण असे दहा दोस्त एकत्र आले. सगळे आपल्याच भागातले. कुणी खटावचा, कुणी वाळव्याचा, बिराप्पा तर पार जतचा, मेंढपाळाचा पोरगा. रिटायर झाल्यावर सगळ्यांनी शेजारी शेजारी राहायचं, असं सीमेवर कुठंतरी बर्फात बसून त्यांचं ठरलं होतं. कोरेगावच्या बाहेर, कालव्याच्या खालच्या अंगाला त्यांना वीस गुंठ्यांचं एक रान मिळालं. माणशी दोन गुंठे. पण एवढ्या लहान तुकड्याची वेगळी खरेदी कायदा करू देत नव्हता. मग आमच्याकडे सगळे करतात तेच त्यांनीही केलं. खरेदीखत एकच, त्यात नावं दहा, आणि आतली वाटणी तोंडी. तो दस्त माझ्या वडलांनी लिहिला.

"मोजणी मागवून घ्या," वडील म्हणाले होते. मी तेव्हा चौदा वर्षांची, चहा घेऊन टेबलाशी गेले होते, म्हणून मला नीट आठवतंय. सरकारी मोजणीला सहा महिने लागणार आणि यांची सुट्टी राहिली होती बावीस दिवस. हंबीरराव म्हणून त्यांच्यातला एक जण हसत म्हणाला, "मोजणी कशाला? आपला उस्ताद हाय की!"

आणि खरंच आप्पांनी पावलांनी रान मोजलं. विकणाऱ्या शेतकऱ्यानं रस्त्याकडचा दगड दाखवला, म्हणाला, हितनं पार कालव्यापातुर आपलं. प्रत्येक जागेची रुंदी तेहतीस फूट. म्हणजे तेरा पावलं आणि वर आठ बोटं. तेरा पावलं टाकायची, वाकून आठ बोटं मोजायची, खुंटी ठोकायची, की परत तेरा. बाकीचे नऊ जण मागनं एक-दो-एक म्हणत, हसत, शिट्ट्या मारत चाललेले. रस्त्याकडची पहिली जागा हंबीररावाला दिली. कुणाला कुठली हवी ती ज्यानं त्यानं घेतली. शेवटची, कालव्याला लागून, ती आप्पांनी ठेवली. फौजेच्या लंगरमध्ये जेवताना उस्तादानं शेवटी ताट घ्यायचं असतं, म्हणाले.

एकेक जण रिटायर झाला तशी घरं उठली. बिराप्पाची जागा तेवढी मोकळी राहिली, कारण तो नोकरीतच आजारानं गेला. बाकी नऊ घरं भिंतीला भिंत लावून उभी राहिली. घरपट्टी ज्याच्या त्याच्या नावावर, लाइट बिल ज्याच्या त्याच्या नावावर. सातबारा मात्र एकच आणि त्यावर दहा नावांची रांग. पुढं हंबीररावाच्या नातवाला, शंभूराजला, रस्त्याकडेला गाळे बांधायचे होते. बँकवाले म्हणाले, यातली तुमची जागा कुठली ते कागदावर दाखवा. दाखवणार काय? कागदावर कुठली जागा कुणाची हे लिहिलेलंच नव्हतं.

आप्पांना कागद हवा होता तो वेगळ्याच कारणासाठी. त्यांची एकुलती एक मुलगी समीक्षा. लग्न मोडून सव्विसाव्या वर्षी माघारी आली, ती घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसली. ब्लाउज शिवते, हात चांगला आहे, गिऱ्हाईक घर शोधत येतं. आप्पा मला म्हणाले होते, "क्रांती, आमचं काय, आमी आज हाय उद्या न्हाई. पर माझ्यामागं माझ्या पोरीला कुणी, हे घर तुझं कशावरनं, आसं इचारता कामा न्हाई. एकदा वाटप करून दे, मी लगेच तिच्या नावानं बक्षीसपत्र करतो." मी म्हटलं, आप्पा, करू. जमेल.

मधे सरकारनं शहरालगतच्या अशा जुन्या लहान तुकड्यांना वाट करून दिली. मला कोण आनंद झाला! आता फक्त दोन गोष्टी हव्या होत्या. वाटपपत्रावर सगळ्यांच्या सह्या आणि जागेची सरकारी मोजणी. पण दहातले सहा जण तोवर वर गेलेले, त्यांचे वारस मिळून चौतीस. कुणाची मुलगी मलकापूरला दिलेली, कुणाची कोयनानगरला, कुणाचा मुलगा सुरतेला. मी कपाळाला हात लावला. आप्पांनी वहीत चौतीस नावं लिहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

सात महिने तो म्हातारा हिंडत होता. सगळ्यांत जास्त तंगवलं ते बिराप्पाच्या बायकोनं, तानुबाईनं. दिवाळी झाली की ती दिरांच्या कुटुंबाबरोबर मेंढरं घेऊन निघते, ती पावसाळ्याच्या तोंडालाच माघारी. आप्पा जतला गेले, तर घराला कुलूप. मग विचारत विचारत, तासगाव करत, ऊस तुटलेल्या रानांतून मेंढरांच्या मागावर चालत राहिले. तिसऱ्या दिवशी कराडच्या अलीकडे एका रानात त्यांचा मेंढरांचा वाडा सापडला. तानुबाईला वाटत होतं, नवऱ्यामागं ती जागा कधीच दुसऱ्या कुणी घशात घातली असणार.

"आजून आमचं नाव हाय व्हय, दाजी?"

"हाय. दोन गुंठं. बिराप्पाचं नाव मी पुसू दिल्यालं न्हाई."

ती बाई मेंढरांच्या गराड्यात मटकन खाली बसून रडली म्हणे. हे मला आप्पांनी नाही सांगितलं, तानुबाईनंच सांगितलं, नंतर, अंगठा द्यायला आली तेव्हा.

मोजणीचा दिवस उजाडला. मीही गेले, एवढ्या वर्षांचं माझंही काम होतं. राहीकाकूनं सगळ्यांना पोहे केले. समीक्षानं बापाला नवा सदरा शिवला होता, तो घालून आप्पा मोजणीदाराच्या मागं मागं. मोजणीदार तरुण होता, काठीवरचं यंत्र घेऊन एकेका भिंतीशी थांबायचा, आकडा बघायचा. चौथ्या-पाचव्या घराशी आल्यावर त्यानं मान वर केली.

"ही आतली मापं कुणी घेतली होती?"

"का वो? चुकल्यात का?" हंबीररावानं विचारलं.

"चुकली नाहीत, म्हणून तर विचारतोय. प्रत्येक जागा तेहतीस फूट. माझ्या यंत्रात आणि यात चार बोटांचासुद्धा फरक नाही."

"पायानं घेतल्याली," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा तेव्हा असा फुलला होता की काय सांगू. सत्तावीस वर्षांनी कुणीतरी त्यांना शाबासकी दिली होती. मी टाळी वाजवली, मेली मी, टाळी वाजवली!

मग मोजणीदार नवव्या आणि दहाव्या जागेच्या मधल्या भिंतीशी आला, खाली बसला, पिशवीतून जुना नकाशा काढला, परत यंत्र बघितलं. आणि त्या भिंतीवर त्यानं लाल रंगानं रेघ मारली.

"इथं हद्द संपली," तो म्हणाला.

"संपली कशी? आजून आमचं घर हाय की पुढं," राहीकाकू म्हणाली.

त्यानं नीट समजावून सांगितलं, त्याचा काही दोष नाही. मूळ रान वीस गुंठ्यांचं. त्यातले कालव्याकडचे दोन गुंठे बहात्तर साली कालव्यासाठी सरकारनं घेतले. त्या वेळच्या मालकानं मोबदलाही उचलला. फक्त सातबाऱ्यावरचं क्षेत्र कमी करायचं त्या काळी कुणाकडून तरी राहून गेलं. त्यामुळं कागदावर वीस, जागेवर अठरा. विकणाऱ्यानं वीस विकले, माझ्या वडलांनी वीस लिहिले, आप्पांनी वीस मोजले. त्यांचं एकही पाऊल चुकलं नव्हतं. ज्या जमिनीवर ते पडत होतं तीच शेवटी शेवटी दुसऱ्याची झाली होती.

त्या दस्ताची नक्कल मी आजवर किती वेळा हाताळली असेल! उत्तरेस कालवा, असं वडलांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलंय. कालवा आहे म्हणजे कुणाची तरी जमीन त्यात गेली असणार, हे शेंबड्या पोराला कळेल. मला कळलं नाही. दुसऱ्यांना अक्कल शिकवायला मी पुढं, आणि घरचाच दस्त मी कधी नीट वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना आप्पा आले. जय हिंद म्हणाले नाहीत. वही काढली. "क्रांती, बारा वरसं ताबा आसला की जागा आपली हुती म्हंत्यात. आमाला सत्तावीस झाली."

"आप्पा, ते खासगी माणसाच्या जागेला. सरकारच्या जागेला तीस वर्षं लागतात."

त्यांनी ते वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर आकड्यावर बोट ठेवलं. "म्हंजी तीन कमी पडली," म्हणाले.

अजून तीन वर्षं कुणी त्या रानात यंत्र आणलं नसतं, तर निदान कोर्टात जाऊन उभं राहायला तोंड होतं. आणि मोजणी मागवली कुणी? आप्पांनी. अर्ज कुणी लिहिला? मी. मला त्या टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

तरी मी हार मानली नव्हती. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, ऐका माझं. कायद्यानं राहिलेल्या अठरा गुंठ्यांत तुमचा दहावा हिस्सा आहे. तुटीचा भार एकट्यानं का घ्यायचा? सगळ्यांनी सोसायचा. तुम्ही सही केली नाही तर हे वाटप होतच नाही. थांबवा. त्यांना बसू दे विचार करत."

पुढच्या सोमवारी सगळे चिंचेखाली जमले. मी हिश्शाचं बोलले. हंबीरराव चपलेनं माती उकरत होता. शेवटी तोच म्हणाला, "क्रांती, तुजं कायद्यानं बरोबर आसंल. पर घरं भिंतीला भिंत लागल्याली. आता आमी काय घरं मागं सरकवायची व्हय?"

"रस्त्याकडची मोकळी जागा आहे तुमची. गाळ्यांची. तिथं द्या," मी म्हटलं.

शंभूराज तोंड वर करून म्हणाला, "बँकेचं बाकी सगळं झालंय ताई, आता कसं जमंल?" आणि हंबीरराव, पस्तीस वर्षांचा दोस्त, जमिनीकडं बघत म्हणाला, "तसं बघितलं तर माप तुमीच घेतलं हुतं, आप्पा."

मी उठलेच. "लाज वाटत नाही का हो बोलायला?" मी ओरडले. "त्या माणसानं तुमच्या सह्यांसाठी बुटाचे तळ झिजवले!" आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. आप्पांनी हात वर केला, तशी मी गप्प बसले.

"आपण वर्गणी काढू आप्पांसाठी," मागनं कुणीतरी म्हणालं.

"मयताला काढत्यात तशी व्हय रं?" आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता.

तानुबाई कडेला जमिनीवर बसली होती. ती उठून पुढं आली. "दाजी, माझी जागा मोकळी हाय. निम्मी तुमी घ्या. मेंढरांमागं फिरणाऱ्याला किती लागती जागा?"

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हो म्हणतील. देवा, हो म्हणू दे, असं मी मनात म्हणत होते. त्यांचे ओठ हलले, पण म्हणाले एवढंच, "बिराप्पाची हाय ती. तुला इतक्या लांबनं आणली ती काय निम्मी काढून घ्यायला?" मग माझ्याकडं वळले. "कागद कर, क्रांती. नऊ जणांचा कर."

"आप्पा, समीक्षाचं काय?"

"मी सही न्हाई केली तर तिला घर मिळंल का?"

मी खोटं सांगत नाही, हे मी आधीच सांगितलंय. "नाही," मी म्हटलं. "घर नाही मिळणार. फार तर हिस्सा, भांडून, वर्षानुवर्षं."

"मग ह्यांचं तरी कशाला आडवायचं? बोट धरून मीच आणल्यात समदी हितपातुर."

मी दस्त लिहिला. वाटपपत्रात प्रत्येकाच्या नावापुढं त्याची जागा लिहायची असते, चारी बाजूंच्या हद्दींसकट. नऊ नावं तशी लिहिली. दहाव्या नावापुढं जे छापील वाक्य वापरतात ते मी आजवर शेकडो वेळा टाइप केलंय, डोळे मिटून करते. सदर इसमाचे वाट्यास कोणतीही मिळकत आलेली नाही, त्याबद्दल त्यांची कोणतीही तक्रार नाही. त्या दिवशी ते वाक्य टाइप करताना मला तीनदा उठून तोंड धुऊन यावं लागलं.

दस्त सह्यांआधी वाचून दाखवायचा असतो. मी वाचला. ते वाक्य आलं तेव्हा राहीकाकू मोठ्यानं म्हणाली, "तक्रार कशी न्हाई? हाय की तक्रार! लिव, क्रांती, हाय म्हणून लिव!" समीक्षानं तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं. आप्पा आत गेले, कॅमेऱ्यासमोर ताठ बसले, अंगठा दिला, सही केली. बाहेर आल्यावर हंबीरराव त्यांच्या पाया पडायला वाकला. आप्पा बाजूला झाले आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. मी बघत होते. पावलं पहिल्यांदाच लहान-मोठी पडत होती.

नऊ सातबारे वेगळे झाले. हंबीररावाच्या गाळ्यांचे खांब वर आले. सातबाऱ्यावरचे दोन गुंठे कमी झाले आणि आप्पांचं घर लाल रंगात दाखवलेला मोजणीचा नकाशा कालव्याच्या कचेरीत पोचला. भराव रुंद करायचा आहे, साठ दिवसांत जागा मोकळी करा, अशी नोटीस दाराला लागली. समीक्षानं गिऱ्हाइकांचे कपडे परत करायला सुरुवात केली. कुठं जाणार विचारलं की म्हणते, बघू.

काल आप्पा आले. दहाला पाच कमी. पायांत चप्पल होती. खुर्चीत बसले, वही काढली.

"क्रांती, घर पाडल्यावर घरपट्टीवरचं नाव आपसूक निघतं, का अर्ज करावा लागतो?"

अठरा वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता.

"अर्ज करावा लागतो," मी म्हटलं.

"मग लिवून दे. माझ्यामागं पोरीच्या नावानं पट्टी येत राहायला नगं."

मी कागद ओढला. अर्जदार, हरिबा हवालदार. विषय लिहिला. मग पत्त्याच्या ओळीशी आले आणि माझा हात थांबला. मी नुसती बघत राहिले त्या ओळीकडं. डोळ्यांतनं पाणी कागदावर पडलं, ते मी बाहीनं टिपलं, तर शाई पसरली.

"रडू नगंस. दुसरा कागद घे," आप्पा म्हणाले. "आन पत्ता जुनाच लिव. उत्तर येईस्तवर हाय तितंच हाय आमी."